उत्तरेच्या खिडकीतले ऊन आणि पट्ट्यांच्या झडपा

प्रश्न : आमचे घराणे तंजावरच्या भोसल्यांच्या काळापासून कावेरीकाठचे. घरात अजून मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. तिरुनागेश्वरम् येथे नागनाथस्वामी मंदिराजवळ आमचे जुने अग्रहारी घर आहे : पुढे ओटा, मध्ये चौक, मागे परसू, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांना लागून. घर उत्तराभिमुख. नुकताच वर एक मजला चढवला. पुण्याच्या मावशी म्हणाल्या, उत्तरेची खोली उन्हाळ्यात थंड. म्हणून झोपायच्या खोलीला उत्तरेकडे चार फूट उंचीची खिडकी घेतली. वर दीड फुटी छज्जा आहे. तरी मे-जूनमध्ये चारच्या सुमारास त्याच खिडकीतून फरशीवर ऊन उतरते. सूर्य तर दक्षिणेकडून जातो ना? मग हे कसे? आता सगळ्या खिडक्यांना आणि मागच्या दाराला प्लँटेशन शटर्स, म्हणजे फिरत्या पट्ट्यांच्या झडपा, बसवायचा विचार आहे. सूनबाईंनी कॅटलॉगमधली पांढरी, आतून बसणारी शटर्स पसंत केली आहेत. आमचे आसारी (सुतार) म्हणतात, सागवानी झडपा इथेच करून देतो. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, तिरुनागेश्वरम् (कुंभकोणम्)

उत्तर : आधी उन्हाचा उलगडा करू, शटर्सचा निम्मा निकाल त्यातच लागतो.

सूर्य दक्षिणेकडून जातो, हे आपण शाळेत शिकतो ते उत्तरेकडच्या देशांना धरून. आपल्याकडे ते वर्षाचे सगळे महिने खरे नसते. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असलेल्या प्रत्येक गावी वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो आणि त्या दोन दिवसांच्या मधल्या काळात माध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे कललेला असतो. पुण्याचे अक्षांश साडेअठरा. तिथे हा काळ साधारण १३-१४ मे ते जुलैअखेर, म्हणजे जेमतेम अडीच महिने. त्यातला अर्ध्याहून अधिक काळ पावसाळी ढगांखाली जातो. मावशींना उत्तरेचे ऊन जाणवत नाही ते त्यामुळे. तिरुनागेश्वरम् मात्र अकरा अक्षांशावर आहे. तुमच्याकडे सूर्य एप्रिलच्या १८-१९ तारखेच्या सुमारास डोक्यावर येतो, मग उत्तरेकडे सरकतो आणि परत डोक्यावर येतो तो २४ ऑगस्टच्या आसपास. म्हणजे चार महिन्यांहून जास्त. शिवाय नैर्ऋत्य मोसमी पाऊस घाटापलीकडेच बहुतेक रिता होतो. तुमच्या खोऱ्यात जून-जुलै बऱ्यापैकी उघडे असतात. कत्तिरीचे दिवस, म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यापासून महिनाअखेरपर्यंतचा तो भाजणारा काळ, पूर्णपणे या चार महिन्यांत येतो.

आता तुमच्या छज्ज्याचा हिशेब. २१ जूनला भर दुपारी सूर्य उत्तर क्षितिजापासून सुमारे साडेसत्याहत्तर अंश वर असतो. इतक्या चढ्या उन्हाला दीड फुटी छज्जा साडेसहा फूट खालपर्यंत सावली देतो, म्हणून दुपारी बारा-एकला काही जाणवत नाही. चार वाजता सूर्य पश्चिमेकडे उतरतो, पण त्याच वेळी तो आणखी उत्तरेलाही सरकलेला असतो. खिडकीच्या रेषेत पाहिले तर त्याचा कोन साठ अंशांवर येतो आणि छज्ज्याची सावली अडीच फुटांच्या थोडी पुढे जाऊन संपते. खिडकी चार फुटांची. खालचा सव्वा-दीड फूट उघडा पडला. तेच ऊन तुमच्या फरशीवर उतरते. मावशींचा सल्ला पुण्याचा होता, खिडकी अकरा अक्षांशावरची निघाली.

यावर उपाय म्हणून पट्ट्यांच्या झडपा अगदी योग्य आहेत. फक्त त्या कोणत्या आणि कुठे, हे कॅटलॉगने ठरवायचे नाही. ते खिडकीच्या दिशेने ठरते.

प्रश्न : आतून बसणारी आणि बाहेरून बसणारी यांत इतका काय फरक? दोन्ही उन्हाला अडवतातच ना?

उत्तर : काच नसेल तर फारसा फरक नाही. काच असेल तर जमीन-अस्मानाचा आहे. ऊन काचेतून आत आले की ते शटरच्या पट्ट्या तापवते, आणि तापलेल्या पट्ट्या ती उष्णता खोलीतच सोडतात. काच ती सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. आतले शटर डोळ्यांना गारवा देते, अंगाला नाही. पाहुण्याला आधी माजघरात आणायचे आणि मग दारातच थांबा म्हणायचे, तसा हा प्रकार आहे. बाहेरच्या झडपेवर पडलेले ऊन बाहेरच राहते. झडप तापली तरी वारा तिची उष्णता घेऊन जातो.

कॅटलॉगमधली प्लँटेशन शटर्स अमेरिका, ऑस्ट्रेलियासारख्या ठिकाणच्या बाजारासाठी घडलेली आहेत. रुंद फिरत्या पट्ट्या, मध्ये एक दांडी, पांढरा रंग, आणि बंद काचेच्या आत बसणारी चौकट. घर वातानुकूलित असले, की ती शोभूनही दिसतात. पण याच वस्तूची तुमच्या भागातली ओळख वेगळी आहे. पुदुच्चेरीच्या फ्रेंच वस्तीत रस्त्याने चालताना वर पाहा : उंच खिडक्यांना बाहेरून लाकडी पट्ट्यांच्या झडपा, दुपारी मिटलेल्या, संध्याकाळी उघड्या. कन्याकुमारी जिल्ह्यातल्या पद्मनाभपुरम् राजवाड्यात तर भिंतीच आडव्या लाकडी पट्ट्यांच्या आणि बाहेर कललेल्या आहेत. आत भर दुपारी सावली आणि वारा दोन्ही मिळतात. मुंबईच्या, गोव्याच्या जुन्या घरांतल्या झिलमिलीच्या खिडक्याही त्याच कुळातल्या.

तेव्हा निकाल सोपा आहे. झोपायच्या खोलीला एसी लावणार असाल तर काच आत, झडप बाहेर. एसी नसेल तर काचेची गरजच नाही. बाहेर पट्ट्यांची झडप, मध्ये गज, आत डासांची जाळी. सूनबाईंना पांढरा रंग आवडत असेल तर तो बाहेरच्या झडपेलाही देता येतो, आणि पांढरी झडप कमी तापते हा फायदाच आहे. आवड त्यांची, जागा आसाऱ्यांची असा मेळ बसतो.

प्रश्न : पट्टी किती रुंद घ्यावी? कॅटलॉगमध्ये अडीच, साडेतीन आणि साडेचार इंच असे पर्याय आहेत. रुंद पट्टी जास्त ऊन अडवते का?

उत्तर : नाही. इथेच सगळे फसतात. ऊन किती अडेल हे पट्टीच्या रुंदीवर ठरत नाही. रुंदी आणि दोन पट्ट्यांमधले अंतर यांच्या प्रमाणावर ठरते.

उदाहरण घेऊ. पट्टी ६३ मिलिमीटर रुंद (अडीच इंच), आणि एका पट्टीच्या मध्यापासून पुढच्या पट्टीच्या मध्यापर्यंत ५५ मिलिमीटर. मिटल्यावर एक पट्टी दुसरीवर आठ मिलिमीटर चढते, म्हणजे फट राहत नाही. आता पट्ट्या सपाट, जमिनीला समांतर ठेवा. वारा थेट आत येतो, बाहेरचे दिसते, आणि तरीही ४१ अंशांपेक्षा चढे असलेले कोणतेही ऊन आत येऊ शकत नाही. साडेतीन इंची पट्ट्यांतही अंतर त्याच प्रमाणात वाढवलेले असते, म्हणून आकडा जवळजवळ तोच येतो.

हा ४१ अंशांचा आकडा धरून तुमच्या घराच्या खिडक्या एकेक पाहू.

उत्तरेची खिडकी : जूनमध्ये संध्याकाळी पाचपर्यंत सूर्याचा कोन ४१च्या वरच असतो. पट्ट्या सपाट ठेवल्या तरी तुमचे चार वाजताचे ऊन संपले. पाचनंतर मावळतीपर्यंत कलवा, एवढेच.

मागची दक्षिणेची खिडकी : डिसेंबरात माध्यान्हीचा सूर्य सर्वांत खाली असतो, तेव्हाही साडेपंचावन्न अंशांवर. इथे पट्ट्या कायमच्या सपाट बसवल्या तरी दुपार निभावते. कारागिरीचा खर्च वाचवायचा असेल तर तो इथे वाचवा : फिरती नको, पक्की झडप करा. मात्र ती बाहेरच्या बाजूने १५ ते २० अंश खाली कललेली असू द्या. कारण पावसाच्या उत्तरात येईल.

वरच्या मजल्यावरची पश्चिमेची खिडकी : इथे फिरत्या पट्ट्यांना पर्याय नाही. मार्च-सप्टेंबरच्या सुमारास साडेतीननंतर सूर्य ४१ अंशांच्या खाली येतो. पट्ट्यांची बाहेरची कड खाली करून त्या ३५ अंश कलवल्या तर पावणेपाच-पाचपर्यंतचे ऊन अडते. पार मावळतीचे अडवायला ६० अंश लागतात. पण ६० अंशांवर वाऱ्याची वाट सपाट स्थितीच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर येते. म्हणून पश्चिमेच्या पट्ट्या तासातासाला हलवता आल्या पाहिजेत. कोणाच्या घरी पूर्वेची खिडकी असेल तर हाच नियम उलटा : सकाळी नऊपर्यंत कलवा, मग सपाट करा.

आता रुंदीचा खरा मुद्दा. रुंद पट्टीतून बाहेरचे जास्त मोकळे दिसते, आणि पट्ट्यांची संख्या कमी झाल्याने पुसायचे काम कमी. पण तिला फिरायला खोली लागते. साडेतीन इंची पट्टी सपाट केली की मध्यापासून दोन्हीकडे ४५ मिलिमीटर बाहेर येते. आपल्या खिडक्यांना गज असतात. पट्टी गजावर आपटते आणि अर्धीच फिरते. अडीच इंची पट्टीला मध्यापासून गजापर्यंत ४० मिलिमीटर मोकळे पुरतात. गज असलेल्या खिडकीला अडीच इंच, गज नसलेल्या दाराला साडेतीन इंच, हे प्रमाण ठेवा. साडेचार इंच बंगल्यांच्या मोठ्या व्हरांड्यांसाठी.

प्रश्न : मंदिर राहूचे, त्यामुळे रविवारी राहुकालात, साडेचार ते सहा, आमची गल्ली भाविकांनी भरून जाते. पट्ट्यांमधून घरातले दिसेल का?

उत्तर : पट्ट्या ४५ अंशांवर असतील तर समोरासमोर पाहणाऱ्याला दर दोन पट्ट्यांमध्ये सुमारे दहा मिलिमीटरची फट दिसते. दिवसा आत अंधार आणि बाहेर उजेड असल्याने तिच्यातून काही कळत नाही. दिवा लावल्यावर मात्र हालचाल कळते. पूर्ण आडोसा ६० अंशांवर मिळतो. वरच्या मजल्यावर बाहेरची कड खाली असली की समोरच्या गच्चीवरून काही दिसत नाही, आणि रस्त्यावरून पाहणाऱ्याला फक्त तुमचे छत दिसते.

तळमजल्यावर, ओट्यालगतच्या खिडकीला, वर-खाली अशी दोन भागांची झडप करून घ्या. खालची दोन फूट एक, वरची दुसरी; दोन्ही स्वतंत्र उघडणाऱ्या. खालची मिटून वरची उघडी ठेवली की ओट्यावर बसलेल्यांना तुम्ही दिसत नाही आणि उजेड-वारा सुरू राहतो. आवाजाच्या बाबतीत आशा ठेवू नका. जिथून वारा येतो तिथून नादस्वरमही येतो.

प्रश्न : ऐप्पसीतला (ऑक्टोबर-नोव्हेंबरातला) पाऊस वाऱ्यासकट येतो. पट्ट्यांतून पाणी आत येणार नाही का?

उत्तर : तुमचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्येकडून. म्हणजे उत्तरेचीच खिडकी त्याच्या तोंडावर. इथे तीन गोष्टी आसाऱ्यांकडून लिहून घ्या.

पहिली, पट्ट्यांची बाहेरची कड खाली राहिली पाहिजे. ती वर राहिली तर प्रत्येक पट्टी पन्हळ होते आणि पाणी खोलीत सोडते. दुसरी, झडपेच्या चौकटीच्या खालच्या आडव्या पट्टीला वरून बाहेरच्या बाजूला उतार, आणि तिच्या पोटाला बाहेरच्या कडेजवळ एक बारीक खाच. पाणी त्या खाचेशी येऊन ठिबकते, आत सरकत नाही. तिसरी, खिडकीच्या खालच्या कट्ट्यालाही बाहेर उतार हवा. इथे सपाट सिमेंट केले तर सागवानही कुजेल.

वादळात पट्ट्यांवर विसंबू नका. नोव्हेंबर २०१८मध्ये गजा चक्रीवादळ नागपट्टिनम् आणि वेदारण्यमच्या दरम्यान किनाऱ्याला धडकले आणि तंजावर जिल्ह्याने त्याचा मार खाल्ला. बाहेर उघडणाऱ्या झडपेला वर आणि खाली दोन्हीकडे कडी पाहिजे, आणि उघडी असताना भिंतीला धरून ठेवणारा आकडाही. आडी महिन्यातल्या वाऱ्यात पाटासुद्धा उडतो अशी तमिळ म्हण आहे. आकडा नसलेली झडप तर आधी उडेल.

कलाचा एक फायदा मात्र फुकटचा आहे. बाहेरची कड खाली असताना येणारा वारा वर छताकडे वळतो. कोरड्या रात्री पट्ट्या उलट फिरवल्या, आतली कड खाली केली, की तोच वारा खाली पलंगावर येतो. झोपताना उलट, पावसाची चिन्हे दिसली की सुलट.

प्रश्न : लाकूड कोणते? की पीव्हीसी, ॲल्युमिनियम बरे? वाळवीची भीती वाटते.

उत्तर : आधी जे घेऊ नये ते सांगतो. एमडीएफ बाहेरच्या बाजूला अजिबात नको. कडेने पाणी पिते आणि फुगते. आयात केलेले बासवुड रंगायला छान, हलके, पण वाळवीपुढे टिकत नाही. पीव्हीसीला वाळवी लागत नाही, मात्र पश्चिमेच्या उन्हात लांब पट्टी मऊ पडून मध्ये झुकते. गडद रंग असेल तर लवकर. घ्यायचेच तर पांढरे आणि दीड-दोन फुटांपेक्षा कमी लांबीच्या पट्टीचे. पावडर-कोटेड ॲल्युमिनियम टिकाऊ आहे. न्हाणीघर आणि मागच्या दाराला चालेल.

लाकडात सागवान पहिले. पण 'सागवान' एवढ्या शब्दावर पैसे देऊ नका. खोडाच्या गाभ्याचे लाकूड वाळवी सहसा खात नाही; कडेचे फिकट लाकूड आवडीने खाते. पट्ट्या रंगवायच्या आधी स्वतः पाहा, एका कडेला फिकट पिवळा पट्टा दिसला तर ती पट्टी बाजूला काढायला सांगा. रंग लावल्यावर ते कळत नाही.

दुसरा चांगला पर्याय फणस. तंजावरची वीणा फणसाच्याच लाकडाची असते, तेव्हा ते वळणार नाही याची खात्री कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या करून घेतलेली आहे. कडलूर जिल्ह्यातले पनरुट्टी फणस आणि काजूसाठी प्रसिद्ध आहे. कडुनिंब चौकटीला चालतो, पण त्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. पातळ पट्टी पीळ खाते.

तिसरा पर्याय तुमच्या भागातच मिळतो. चेट्टिनाडच्या हवेल्यांतून निघालेली ब्रह्मी सागाची दारे, खांब, तुळया कारैकुडीच्या जुन्या बाजारात विकायला असतात. झडपेच्या पट्ट्या आखूड असल्याने जुन्या लाकडाचे तुकडे यात उत्तम बसतात. दशके वाळलेले लाकूड, त्यामुळे हलण्याची भीती नाही. आतले गंजके खिळे मात्र लोहचुंबकाने शोधून काढा, नाहीतर आसाऱ्यांचा रंधा आणि तुमचा त्यांच्याशी असलेला सलोखा दोन्ही बिघडतील.

वाळवीसाठी चौकट भिंतीला जिथे टेकते तो भाग महत्त्वाचा. तिथे रंगाआधी वाळवीरोधक द्रव्याचे दोन हात द्या. कोकणात वापरतात ते काजूच्या टरफलाचे तेलही चालते; हातमोजे घालून लावा, कातडीला लागले तर भाजते.

प्रश्न : पट्टी फिरते कशी? दहा वर्षांनी ढिली पडून लोंबकळू नये म्हणून काय पाहावे?

उत्तर : झडप हातात घेऊन तीन ठिकाणी पाहा.

पट्टीच्या टोकाशी : १२ मिलिमीटर जाडीच्या पट्टीच्या दोन्ही टोकांच्या बरोबर मध्यात चार-पाच मिलिमीटर जाडीची पितळी पिन हवी. खिळ्याचे डोके कापून बसवलेले चालत नाही. गंजला की लाकूड फुगते आणि पट्टी अडकते. पिन ज्या भोकात फिरते तिथे पितळी किंवा नायलॉनची चकती असावी. कुंभकोणम् म्हणजे पितळेचे गाव, नाचियारकोविलचे दिवे तिथून हाकेच्या अंतरावर घडतात. चांगल्या पिना आणि बिजागऱ्या मिळवायला अडचण येऊ नये.

पट्टी आणि चौकट यांच्यामध्ये : दोन्हीकडे दीड-दीड मिलिमीटर मोकळे. मे महिन्यात टिचून बसवलेली झडप नोव्हेंबरात फिरत नाही, कारण लाकूड ओलाव्याने फुगते.

दांडीशी : प्रत्येक पट्टीला जोडणारी उभी दांडी आतल्या बाजूला ठेवा, म्हणजे गजांमधून हात घालून हलवता येते. कॅटलॉगमधल्या लपलेल्या दातेरी यंत्रणेपेक्षा साधी दांडी बरी. तुटली तर गावातला कोणीही बदलून देतो. दांडी वरपासून खालपर्यंत एकच नको. चार फुटी झडपेला दोन भाग करा, म्हणजे वरच्या पट्ट्या सपाट आणि खालच्या मिटलेल्या ठेवता येतात. पट्ट्या आपल्याच वजनाने मिटू लागल्या तर एका पट्टीच्या पिनेवर घट्ट होणारा स्क्रू असावा. तोच सगळ्यांना धरून ठेवतो.

झडपेची चौकट कुसू आणि खाच करून जोडलेली असावी, नुसती स्क्रूने नाही. चार फूट उंचीच्या झडपेला दोन नव्हे, तीन बिजागऱ्या.

प्रश्न : माप कसे घ्यावे, आणि लाकडाचा अंदाज कसा पडताळावा?

उत्तर : जुन्या घराची एकही खिडकी काटकोनात नसते. रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी मोजा आणि सर्वांत लहान आकडा धरा. उंचीही तशीच. मग दोन्ही कर्ण मोजा. त्यांत पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर झडपेआधी चौकट दुरुस्त करा. सर्वांत लहान मापातून प्रत्येक बाजूला तीन मिलिमीटर वजा. चौकटीला पुरेशी खोली हवी : बाहेर झडप, मध्ये गज, आत जाळी, हे सारे नेहमीच्या चार इंची चौकटीत दाटीवाटीने बसते, नवी चौकट करत असाल तर पाच ते सहा इंच घ्या.

लाकडाचा हिशेब असा. तीन बाय चार फुटांच्या खिडकीला दोन झडपा. प्रत्येक झडपेत सुमारे १८, म्हणजे एकूण ३६ पट्ट्या, प्रत्येकी जवळजवळ सव्वा फूट लांबीच्या. पट्ट्या आणि झडपांची चौकट मिळून तयार लाकूड पाऊण घनफुटाच्या थोडे वर. रंधा आणि कापण्यातली घट धरून सव्वा घनफूट. अडीच-तीन घनफूट सांगितले तर बसून विचारा. खरा खर्च लाकडाचा नाही, ३६ पट्ट्या एकसारख्या घासून ७२ पिना सरळ रेषेत बसवण्याच्या मजुरीचा आहे. तिथे घासाघीस करू नका.

प्रश्न : मागच्या परसदारालाही तसेच करावे का? आणि डासांचे काय?

उत्तर : परसदाराला खालचा तिसरा भाग भरीव फळीचा ठेवा, पाऊस, लाथा आणि मांजर यांचा मार तिथेच बसतो. वरचे दोन भाग पट्ट्यांचे, साडेतीन इंची. दारावर दांडी नको, हात लागून तुटते. मागून पट्ट्या एकत्र फिरवणारी कांबी बसवा किंवा पट्ट्या पक्क्या ठेवा. अडीच फुटांपेक्षा रुंद झडप एकसंध करू नका, बिजागरीच्या उलट बाजूने झुकेल. दोन झडपांचे दार करा.

पट्ट्यांनी डास थांबत नाहीत. जाळी आतल्या बाजूला, काढून धुता येईल अशा चौकटीत. जाळी मळली की वारा निम्मा होतो आणि दोष झडपेला जातो.

प्रश्न : पावसाचा त्रास नको म्हणून चौकावर पारदर्शक पत्रा टाकायचे ठरले आहे. त्याने झडपांना काही फरक पडतो का?

उत्तर : पडतो, आणि बाकी सगळ्यापेक्षा जास्त. तुमच्या घराच्या तळमजल्याच्या दोन्ही बाजू शेजाऱ्यांच्या भिंतींनी बंद आहेत. पुढून आलेल्या वाऱ्याची बाहेर जायची मुख्य वाट चौकातून वर आहे. ती बुजवली तर पुढच्या खिडकीच्या पट्ट्या कितीही सपाट ठेवा, वारा फारसा आत येणार नाही. त्याला नीट बाहेर जाता येत नसेल तर तो येईल कशाला? वर पारदर्शक पत्रा म्हणजे दुपारी चौक तापून तीच उष्णता खोल्यांत पसरेल.

पत्रा टाकायचाच असेल तर तो चौकाच्या कडांपासून दीड-दोन फूट उचलून, कडांच्या बाहेर पुढे काढून टाका, आणि मधल्या उभ्या जागेत चारही बाजूंना पट्ट्यांच्या पक्क्या झडपा बसवा. पाऊस आत येत नाही, गरम हवा वरून निघून जाते, आणि तिच्या जागी पुढच्या-मागच्या खिडक्यांतून वारा ओढला जातो. पारदर्शकऐवजी पांढरा अपारदर्शक पत्रा घ्या. उजेडासाठी त्यात एखादीच पारदर्शक पट्टी पुरे.

शेवटी तुमचा मूळ प्रश्न, कोणाचे ऐकावे. रंग आणि रूप सूनबाईंचे, लाकूड आणि जोडणी आसाऱ्यांची, कोन मात्र सूर्याचा. सगळी ऑर्डर एकदम देऊ नका. आधी पश्चिमेच्या खिडकीची एकच झडप करून घ्या, कारण सर्वांत अवघड परीक्षा तिची आहे. ती एका कत्तिरीत आणि एका ऐप्पसीत नीट फिरली, की बाकीच्या त्याच मापाच्या धर्तीवर सांगा. पत्रा टाकणाऱ्याला मात्र आजच थांबवा.